दुसऱ्याच्या गाडीस हात लावू नये

माणसाची संस्कृती त्याच्या देवळांवरून कळत नाही, ग्रंथांवरूनही कळत नाही. तो आपली गाडी कुठे उभी करतो आणि दुसऱ्याच्या गाडीशी कसा वागतो, यावरून कळते. हे वाक्य पितांबर मास्तरांनी स्वतः रचलं होतं आणि शहाद्यातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत, स्वतःच रंगवलं होतं. मास्तर चित्रकलेचे शिक्षक असल्यामुळे अक्षर अतिशय सुबक होतं. पाटी लागल्या दिवसापासून तिच्याखाली तीन मोटारसायकली आणि एक रसाची गाडी आडव्यातिडव्या उभ्या राहत, कारण गल्लीत तेवढीच सावली होती.

पाट्या एकूण चार होत्या. दुसरी हॉर्नबद्दल होती, तिसरी रस्त्यात गाडी धुण्याबद्दल. चौथी मास्तरांच्या फाटकावर होती: 'दुसऱ्याच्या गाडीस हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगास हात लावणे.' ही वाचून गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून पुढे जात. पण मास्तरांनी ती लोकांना दाखवायला लिहिलेली नव्हती. कुणाच्या बोनेटवर भाजीची पिशवी टेकवलेली दिसली, की आपल्याच पाठीवर कुणी ओझं ठेवल्यासारखं त्यांना होई. स्वतःची अकरा वर्षांची गाडी ते जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसत, आणि दुसऱ्याच्या गाडीजवळून जाताना अंग चोरून, आडवे होऊन जात.

शिवाय फळा होता. शाळेतून बाद झालेला एक फळा त्यांनी फाटकाशेजारच्या भिंतीवर ठोकला होता. वर कायमच्या रंगात 'आजचे बेशिस्त वाहन', खाली खडूनं गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव. मोबाइलवर नंबर टाकला की नाव सापडतं. संध्याकाळी मास्तर सगळं पुसून टाकत. ते मनात काही ठेवणारे नव्हते.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मास्तरांची मुलगी कामिनी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. केंद्र नंदुरबारला, पेपर दोनला, आणि दीड वाजता केंद्राचं गेट बंद. एक वाजून एकतीस मिनिटांनी आलेल्याला आत घेत नाहीत, मग तो रडो की पाया पडो. कामिनीची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला मास्तरच तिला घेऊन निघाले होते आणि प्रकाशा गावाच्या पुढे त्यांना रस्त्यात निम्मी घुसवून लावलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली होती. मास्तर उतरले. त्यांनी फोटो काढला, चालकाला लिंबाखालून शोधून काढलं आणि रस्ता ही सार्वजनिक वस्तू कशी, हे त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं. कामिनी केंद्राच्या दारात धावत पोचली तेव्हा आठ मिनिटं उरली होती. पहिला अर्धा तास मी एकच प्रश्न वाचत होते, असं ती नंतर आईला म्हणाली. वडिलांना ती काहीच म्हणाली नाही. अकरा मार्कांनी नंबर हुकला.

त्यानंतर वर्षभर ती मागच्या खोलीत पुस्तकांत डोकं घालून होती आणि मास्तर त्या खोलीवरून जाताना चपला हातात घेत होते. या वेळी नाही झालं तर नाद सोडायचा, हे तिनंच जाहीर केलेलं. मास्तरांनीही मनाशी काही ठरवलं होतं. या वेळी वाटेत काहीही दिसो, उतरायचं नाही. हत्ती आडवा लावलेला असला तरी उतरायचं नाही. तासाभराच्या रस्त्यासाठी त्यांनी साडेनऊला निघायचं ठरवलं, आदल्या दिवशी चाकांत हवा भरली, टाकी भरली आणि मुलीच्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरला.

सव्वानऊला त्यांनी फाटक उघडलं. फाटकाला अगदी चिकटून, या खांबापासून त्या खांबाच्याही पुढे, एक पांढरी गाडी उभी होती. मागच्या काचेवर 'आई-मामांचा आशीर्वाद' असं लिहिलं होतं. आशीर्वादाखाली फोन नंबर नव्हता.

मास्तरांनी तिचे चौदा फोटो काढले. मग नंबर टाकून मालकाचं नाव काढलं. अमृत नावाचे सारंगखेड्याकडचे कुणी पाटील निघाले. मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली. तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपत आली म्हणून तो घरात चार्जिंगला लावला. यात दहा मिनिटं गेली.

वत्सलाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, कमरेला पदर खोचून ओट्यावर आली. मास्तर घरातही पुस्तकी मराठी बोलत. वत्सलाबाईनं लग्नानंतर पंचवीस वर्षं तो हट्ट मोडायचाही प्रयत्न केला नव्हता आणि पाळायचाही नाही. ती म्हणाली, "सव्वादहाले नंदुरबारनी एसटी शे. बसाडी देऊत तिले."

"चूक त्यानं करायची आणि बसनं आपण जायचं?" मास्तर म्हणाले.

"चूक कोनी बी ऱ्हावो, पेपर पोरना शे."

कामिनी झोपाळ्यावर बसली होती. मांडीवर पारदर्शक फोल्डर, त्यात प्रवेशपत्र, फोटो, आधार. तिनं वडिलांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा वडिलांकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही त्याला शोधत बसू नका," ती म्हणाली.

"दहा मिनिटं. जागची हलू नकोस. मीच तुला सोडणार आहे." एवढं बोलून मास्तर लगेच वळून बाहेर पडले.

बाहेर दोन-तीन शेजारी जमले होते. त्यांतला एक म्हणाला की चौघं मिळून जरा रेटून बघू. मास्तरांनी फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. शेजाऱ्यांनी ती पुन्हा एकदा वाचली आणि ते आपापल्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी, निळ्या पाटीच्या सावलीत उरलेली हातभर जागा धरून कालीबाई टरबुजं घेऊन बसली होती. मास्तरांनी तिला विचारलं की गाडी लावणारा कसा दिसत होता, कोणीकडे गेला.

"दुकानकडे गया," कालीबाई म्हणाली. "पन मास्तर, तुले जानं व्हयनं तं ढकली दे ना. तो माले सांगी..."

"कालीबाई," मास्तर म्हणाले, "तुझ्या टरबुजांना मी न विचारता हात लावला तर चालेल?"

कालीबाईनं यावर खरोखरच विचार केला. लोक दिवसभर तेच करत होते; टरबूज ठोकून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही. ती उत्तर देईपर्यंत मास्तर रस्ता ओलांडून गेले होते.

कोपऱ्यावर कांतीलालशेठचं कापडाचं दुकान होतं आणि दिवस लगीनसराईचे होते. दुकानात बस्ता चालू होता. बस्ता म्हणजे दोन साड्या घेऊन घरी जाणं नव्हे. नवरदेवाकडचे आणि नवरीकडचे मिळून चाळीस माणसं गाद्यांवर मांडी घालून बसतात, नवरीच्या शालूपासून गावातल्या म्हाताऱ्यांच्या टोप्यांपर्यंत सगळं एका बैठकीत घेतलं जातं आणि प्रत्येक नगावर दोन्हीकडच्या मामांची मान हलावी लागते. सकाळी बसलेला बस्ता दिवस मावळताना उठला तर तो घाईघाईत उरकला असं म्हणतात.

मास्तर चपला काढून दारात उभे राहिले. "एमएच एकोणचाळीस पासिंगची पांढरी गाडी कोणाची आहे?" त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं आणि पूर्ण नंबर सांगितला.

एका आत्याबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. गादीच्या टोकाला बसलेला, भरघोस मिशांचा एक गृहस्थ टोप्यांच्या गठ्ठ्यात फारच लक्ष घालून टोप्या मोजू लागला.

"अमृत पाटील कोण?" मास्तरांनी विचारलं.

टोप्या मोजणारा गृहस्थ मान वर न करता शेजाऱ्याला म्हणाला, "हाऊ तोच फळावाला मास्तर." शेजाऱ्यानं मान डोलावली. कांतीलालशेठनं मास्तरांना पाणी विचारलं, चहा विचारला, आणि अमृतभाऊ नावाचे बरेच असतात असं सांगितलं. मास्तरांनी वेळ घालवला नाही. ते पुढच्या दुकानात गेले.

पुढच्या दुकानातही बस्ता होता. त्याच्या पुढच्यात दोन होते. मग मास्तर भांड्यांच्या दुकानांत गेले, सराफांकडे गेले, पत्रिका छापणाऱ्याकडे गेले. सगळीकडे लोक अदबीनं सरकून जागा देत, नंबर ऐकून घेत आणि आपली गाडी नाही असं सांगत. एका ठिकाणी तर पायी आलेल्या माणसानंही घाबरून आपली नाही म्हणून सांगितलं. गावात इतक्या गाड्या उभ्या होत्या, रस्ता दिसत नव्हता, आणि त्यांतली एकही कुणाची नव्हती.

सराफाच्या घड्याळात अकरा वाजलेले पाहिले तेव्हा मास्तरांनी नंबर अर्धाच सांगून सोडला. दहा मिनिटं म्हणून ते बाहेर पडले होते. ते पळत गल्लीत आले. पांढरी गाडी जागच्या जागी होती. घराचं दार उन्हामुळे लोटलेलं होतं आणि खिडकीचा पडदा ओढलेला होता. पडद्यामागे मुलगी झोपाळ्यावर फोल्डर घेऊन बसली असणार, घड्याळाकडे बघत असणार. आत जाऊन तिला काय सांगायचं? मास्तर फाटकाला हात लावून उभे राहिले, आणि मग हात काढून घेऊन, पावलांचा आवाज न करता, स्टँडकडे निघाले.

आता त्यांना तत्त्व वगैरे काही नको होतं. त्यांना चार चाकं हवी होती. पण स्टँडबाहेरच्या जीपा आणि काळ्यापिवळ्या सगळ्या वऱ्हाडांत गेल्या होत्या. एक उरली होती, तिचं इंजिन खाली काढून ठेवलेलं होतं. रिक्षावाला म्हणाला की नंदुरबारला नेतो, पण रिक्षा गॅसची आहे आणि प्रकाशापर्यंतच पुरेल, पुढचं देव जाणे. मास्तरांनी ओळखीच्या एका शिक्षकाच्या घराचं दार वाजवलं. ते सहकुटुंब हळदीला गेले होते. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि खिशातला खडू घामानं भिजून खिसा पांढरा झाला होता.

स्टँडवर नंदुरबारची पावणेबाराची गाडी लागली होती. मास्तर कंडक्टरसमोर हात जोडून उभे राहिले. दहा मिनिटं थांबा, मुलीला घेऊन येतो, तिचा पेपर आहे, असं ते म्हणाले. कंडक्टर भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमीच मांगे लेखी तक्रार दिन्ही व्हती ना, गाडी दोन मिनिट उशिरा सुटनी म्हनीसन?" त्यात टोमणा नव्हता. त्यानं खरंच आठवण करून दिली होती. मग त्यानं घंटी मारली.

बस स्टँडच्या फाटकाबाहेर वळली. मास्तर तिच्या मागे वीसेक पावलं धावले आणि मधेच थांबले, कारण धावून उपयोग काय होता; मुलगी घरी होती. गेल्या वर्षीची ट्रॉली त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तो लिंब, तो चालक, डुलक्या घेत मान हलवणारा. मागच्या सीटवरून कामिनी एकदाच म्हणाली होती, "पप्पा, चला ना." तिचा आवाज त्या वेळी त्यांना ऐकू आला होता. आला होता, आणि तरी त्यांनी आधी वाक्य पूर्ण केलं होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी मास्तर पुन्हा कांतीलालशेठच्या दारात उभे राहिले. या वेळी चपला काढायचं त्यांना सुचलं नाही. पुरुषमंडळी जेवायला गेली होती. गाद्यांवर बायका आणि साड्या होत्या. मास्तरांनी सगळ्यांना मिळून हात जोडले.

"मी फळा काढून टाकतो," ते म्हणाले. "पाट्याही काढतो. कुणाचंही नाव लिहिणार नाही. फक्त गाडी काढा. माझ्या पोरीचं वर्ष जातंय."

कांतीलालशेठ गल्ल्यावरून उठून आले. "मास्तर, आधी का नाही सांगितलं पेपरचं? तुम्ही नंबर विचारला. मघाशी टोप्या मोजत बसले होते ना, तेच अमृतभाऊ. तुमच्या फळ्यावर त्यांचं नाव साखरपुड्याच्या खरेदीच्या दिवशीही होतं, नवरीकडच्यांनी वाचलं. आज कसं कबूल होणार चारचौघांत?" मग त्यांनी फोन लावला. घंटा गादीवरच वाजली. अमृतभाऊ फोन टोप्यांखाली विसरून जेवायला गेले होते, आणि कुठे जेवायला गेले होते हे बायकांपैकी कुणाला माहीत नव्हतं.

मास्तर गल्लीत परत आले. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आत्ता, या क्षणी निघालं तरच. ते पांढऱ्या गाडीच्या मागे उभे राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, डिकीवर नीट पसरला आणि त्यावर दोन्ही तळवे टेकले. "माफ करा," ते गाडीला म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, पाय रोवले आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून रेटलं.

एवढ्या बळाची गरज नव्हती. गाडी सायकलसारखी निघाली. मास्तर जवळजवळ तोंडावर पडले. गाडी आपली आपण दहा पावलं गेली आणि पुढचं चाक एका दगडाला टेकून अलगद थांबली. रुमाल तिच्यासोबत गेला.

"तेच तं सांगी ऱ्हायन्तू मी सकाळपाइन," कालीबाई निळ्या पाटीखालून म्हणाली. "न्यूट्रलले ठेयेल शे, ब्रेक बी लायेल नही. म्हने, मास्तरना दारशे लावनी पडी ऱ्हायनी, मागल्या खेपले फळावर नाव लिखं व्हतं, सोयरासमोर इज्जत गयी. मास्तरले जानं व्हयनं तं ढकली द्या म्हने. समोर दगड बी त्यानाच ठेयेल शे."

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. 'अमृत' मधला 'मृ' फार सुरेख आला होता.

पण आता थांबायला वेळ नव्हता. त्यांनी गाडी सुरू केली, निम्मी फाटकाबाहेर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गल्लीत हॉर्न वाजवला. हॉर्नबद्दलची दुसरी पाटी बरोबर त्यांच्यासमोर होती. त्यांनी आणखी दोनदा वाजवला. पंचाहत्तर मिनिटं होती. रस्ता मोकळा मिळाला तर होतं. प्रकाशाला थांबायचं नाही, पुलावर थांबायचं नाही, कुठेच थांबायचं नाही. शेजारच्या सीटवरचा टॉवेल त्यांनी हातानं पुन्हा सरळ केला.

वत्सलाबाई दार उघडून बाहेर आली. तिच्या हाताला कणीक होती.

"कोनले बलाई ऱ्हायनात?" तिनं विचारलं.

"कामिनीला. लवकर. फोल्डर घे म्हणावं."

"ती तं गयी."

मास्तरांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. इंजिन जागच्या जागी जोरात गुरगुरलं. "कुठे?"

"नंदुरबारले. सव्वादहानी एसटीमा. तुम्हले कोठे शोधू? तुम्हना मोबाइल तं आठे चार्जिंगले." ती खिडकीजवळ आली. "पोचनी ती. कोना तरी फोनवरथून तिना फोन व्हता, तुम्हनाच मोबाइलवर. झाडखाले बठीसन वाची ऱ्हायनी म्हने. डबा बी खाई लिधा."

मास्तरांनी समोर पाहिलं. समोर पांढरी गाडी होती आणि तिच्या डिकीवर त्यांचा रुमाल होता. त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

वत्सलाबाईनं आठवून पाहिलं. "गाडी सापडनी का, इचारी ऱ्हायन्ती."

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी निम्मी फाटकात होती, निम्मी गल्लीत. गल्लीतून आलेला मोटारसायकलवाला थांबला, त्यानं हॉर्नची पाटी वाचली आणि हॉर्न न वाजवता उभा राहिला.

"गर्दी होती का बसला?" मास्तरांनी विचारलं.

"नही," वत्सलाबाई म्हणाली. "खिडकीनी जागा भेटनी."

सव्वादहाची एसटी सव्वादहाला सुटली होती.